स्वस्त खेळयंत्राचा हिशेब

सोयाबीन आडतीवर पडलें, कापसाची पहिली वेचणी झाली आणि दिवाळी तोंडावर आली, म्हणजे बीड जिल्ह्यांतील घराघरांतून एक मसलत सुरू होते. हातीं आलेल्या पैशांतून देणें किती फेडावें, रब्बीच्या बियाण्यासाठीं किती राखून ठेवावें, घरांतील कोणाची गरज यंदां भागवावी आणि कोणाची पुढील वर्षावर ढकलावी, याचा तो विचार असतो. या मसलतींत अलीकडे एक नवी मागणी येऊन बसली आहे. शाळेंत किंवा कॉलेजांत जाणारा मुलगा, आणि आतां पुष्कळ घरीं मुलगीही, टीव्हीला जोडून खेळावयाचें यंत्र मागतात. त्याला कन्सोल असें नांव आहे. पण बाजारांत कारखानदारानें ठेवलेलें नांवच चालतें, कोणी एक्सबॉक्स म्हणतो, कोणी प्लेस्टेशन. वडिलांचा पहिला प्रश्न किंमतीचा असतो. किंमत ऐकली कीं दुसरा प्रश्न ठरलेलाच: यापेक्षां हलकें कांहीं नाहीं का?

हलकें आहे, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. महाग वस्तु परवडत नाहीं म्हटलें कीं विषय संपतो. स्वस्त वस्तु परवडते, म्हणून ती घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १० नोव्हेंबर २०२० रोजीं एकाच कुळांतील दोन यंत्रें विक्रीस काढलीं, आणि तीं त्याच दिवशीं भारतांतही आलीं. थोरल्याचें नांव एक्सबॉक्स सिरीज एक्स, धाकट्याचें सिरीज एस. येथील किंमत थोरल्याची ४९,९९० रुपये आणि धाकट्याची ३४,९९० रुपये ठेवलेली होती. म्हणजे अंतर बरोबर १५,००० रुपयांचें. हे आंकडे आरंभींचे आहेत. पुढें किंमती वाढल्या. परंतु दोहोंची तुलना करण्यास आरंभींचेच आंकडे सोयीचे. सोनी कंपनीनें २ फेब्रुवारी २०२१ रोजीं येथें प्लेस्टेशन ५ आणलें, त्याचेही दोन प्रकार होते, एक ४९,९९० रुपयांचा व दुसरा ३९,९९० रुपयांचा. मात्र सोनीच्या दोन प्रकारांत शक्तीचा फरक नाहीं. स्वस्त प्रकारांत डिस्क घालावयाची खांच तेवढी नाहीं. मायक्रोसॉफ्टनें धाकट्यांतून डिस्कची खांचही काढली आणि शक्तिही कमी केली. म्हणून खरा विचार करावयाचा तो या धाकट्या यंत्राचाच.

बैल पाहावयास गेलेला जाणता शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पण या सर्वांच्या आधीं तो स्वतःची जमीन मनांत आणतो. गोदाकांठच्या गेवराई-माजलगांवच्या काळ्या रानांत जी जोडी लागते, ती आष्टी-पाटोद्याकडील बालाघाटाच्या हलक्या, मुरमाड रानांत लागत नाहीं. तेथें दांडगी जोडी दावणीला बांधली, तर तिच्या वैरणींतच धनी बुडावयाचा. यंत्राची निवडही याच रीतीनें झाली पाहिजे. दुकानदार यंत्राचे गुण सांगतो. घराचे गुण ज्याचे त्यालाच ठाऊक असतात.

प्रथम शक्तीचें पाहूं जातां असें दिसतें कीं, चित्र रंगविणारी जी चिप असते तिची ताकद टेराफ्लॉप या मापानें सांगतात. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लक्ष कोटि गणितें. थोरल्यांत अशी ताकद १२ आहे, धाकट्यांत ४. काम चालूं असतां लागणारी स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती थोरल्यांत १६ जीबी व धाकट्यांत १० जीबी. मुख्य प्रोसेसर मात्र दोहोंत जवळजवळ एकच आहे, आठ गाभ्यांचा. वेगांत फरक अगदीं किरकोळ. याचा अर्थ असा कीं, चेंडू कसा वळावा, प्रतिपक्षानें कोणती चाल करावी, मोटार वळणावर कशी घसरावी, हें सर्व ठरविण्यांत धाकटें यंत्र फारसें उणें पडत नाहीं. उणें पडतें तें चित्राच्या बारकाव्यांत.

आतां हें चित्र उमटावयाचें कोठें? मराठवाड्यांतील मध्यम स्थितीच्या घरांत भिंतीवर जो टीव्ही असतो तो पुष्कळ वेळां ३२ इंची, आणि दुकानदार ज्याला एचडी रेडी म्हणतात त्या जातीचा असतो. त्याच्या पडद्यावर साधारण साडेदहा लाख ठिपके असतात. थोरलें यंत्र ज्या फोर-के पडद्यासाठीं घडविलें आहे त्यावर सुमारें ८३ लाख ठिपके असतात. धाकट्याचें उद्दिष्ट सुमारें ३७ लाख ठिपक्यांचें. कांहीं जड खेळांत त्याला त्याहूनही पुष्कळ खालीं उतरावें लागतें हें खरें. तरी साडेदहा लाखांच्या पडद्यापुढें तें बहुधा पुरून उरतें. त्या पडद्यासमोर थोरलें यंत्र ठेवणें म्हणजे घागरीच्या तोंडाशीं मोटेचें पाणी ओतण्यासारखें आहे. बरेंचसें वाहूनच जावयाचें. थोरल्या यंत्राची थोरवी दिसावयाची असेल तर मोठा फोर-के टीव्ही प्रथम हवा, आणि त्याची किंमत त्याच हिशेबांत मांडली पाहिजे. ती सहसा कोणी मांडत नाहीं.

कमी शक्तीचें यंत्र म्हणजे कमी प्रतीचा खेळ, ही समजूत इतिहासानेंही खोटी पाडली आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८९ सालीं गेम बॉय नांवाचें हातांत धरून खेळावयाचें यंत्र काढलें. त्याचा पडदा रंगीत नव्हता. हिरवट पिवळ्या पार्श्वभूमीवर चार छटा दिसत, इतकेंच. लवकरच अटारी व सेगा या कंपन्यांनीं रंगीत पडद्याचीं, अधिक शक्तिमान व अधिक महाग यंत्रें त्याच्यापुढें उभीं केलीं. सेगाच्या यंत्राला सहा सेल लागत आणि ते तीन ते पांच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल पुरत आणि ते कितीतरी अधिक वेळ चालत. त्याचा मुख्य कल्पक गुनपेई योकोई हा मुद्दाम जुन्या, पक्क्या व स्वस्त झालेल्या तंत्राकडे वळत असे, आणि त्यालाच नवें वळण देण्यांत खरी बुद्धि आहे असें मानीत असे. गेम बॉय व त्याची पुढील रंगीत आवृत्ति मिळून ११ कोटि ८० लाखांहून अधिक यंत्रें खपलीं. २००६ सालीं त्याच कंपनीचें वी नांवाचें यंत्र आलें. तें प्रतिस्पर्ध्यांहून पुष्कळ दुबळें होतें, अमेरिकेंत त्याची किंमत सुमारें २५० डॉलर होती, आणि त्याच वर्षीं निघालेल्या प्लेस्टेशन ३ ची ५०० डॉलर व त्याहून वर. दहा कोटींहून अधिक घरांत तें दुबळें यंत्र गेलें.

परंतु दुबळें यंत्र स्वस्त पडलें म्हणजे तें चांगलेंच, असाही सिद्धांत यांतून निघत नाहीं. त्याचें उदाहरण फार दूर शोधावयास नको. १९९० नंतरच्या दशकांत मराठवाड्यांतील तालुक्याच्या गांवींसुद्धां टीव्हीला जोडावयाचा एक व्हिडिओ गेम येऊन पोहोचला होता. निन्टेन्डोनें १९८३ सालीं जपानांत काढलेल्या फॅमिकॉम या यंत्राची ती नक्कल. दोन रिमोट, एखादी बंदूक आणि पिवळी कॅसेट असा तो संच असे, आणि कॅसेटीवर हजारों खेळ आंत असल्याचा आंकडा छापलेला असे. मूल आनंदानें यादी उलगडूं लागलें म्हणजे कांहीं वेळानें त्याच्या ध्यानांत येई कीं, खेळ मोजकेच आहेत, आणि तेच पुन्हां पुन्हां निराळ्या क्रमांकानें मांडलेले आहेत. तरीही त्या यंत्रानें एका पिढीला निर्भेळ आनंद दिला हें नाकारतां यावयाचें नाहीं. दोन भावंडें शेजारीं बसून एका पडद्यावर खेळत, आणि कॅसेट चालेनाशी झाली कीं तिच्यांत फुंकर घालीत. फसवणूक होती ती यंत्राच्या दुबळेपणांत नव्हे, तर आंकड्यांत. अशा नकला परळीच्या महाशिवरात्रीसारख्या यात्रांच्या बाजारांत शोभण्याजोग्या. खेळणें म्हणून त्यांचें मोल खेळण्याएवढेंच धरावें.

सिरीज एस ही नक्कल नव्हे, अस्सल वस्तु आहे. तिच्यांत फसवणूक नाहीं. पण तिच्यांत जें नाहीं त्याची किंमत बीडसारख्या जिल्ह्यांत निराळी होते, ती येथें नीट पाहिली पाहिजे.

या यंत्रांत डिस्क घालतां येत नाहीं. बाजारांत जिला सरसकट सीडी म्हणतात ती विकत आणून खेळावी, खेळून झाल्यावर मित्राला द्यावी किंवा अर्ध्यामुर्ध्या किंमतीला विकून टाकावी, हा मार्ग येथें बंद. प्रत्येक खेळ नेटवरून उतरवून घ्यावा लागतो. आजकालच्या मोठ्या खेळाचा आकार १०० जीबीपर्यंत, कधीं त्याहूनही वर जातो. बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या शहरांत ज्या घरीं फायबरचें नेट आहे आणि त्याचा वेग ५० एमबीपीएस खरोखर मिळतो, तेथें असा खेळ साडेचार तासांत उतरतो. रात्रीं लावून ठेवावा, सकाळीं तयार. पण जेथें सारें घर मोबाईलच्या रोजच्या २ जीबीवर चालतें, तेथें तोच खेळ उतरावयास पन्नास दिवस लागतील, आणि ते पन्नास दिवस घरांतील कोणीं त्या मोबाईलवर दुसरें कांहीं पाहावयाचें नाहीं. दिवाळीला आणलेलें यंत्र मकरसंक्रांतीच्या सुमारास खेळावयास सिद्ध होईल. जेथें ५जी पोहोचलें आहे व अमर्याद डेटाचा रिचार्ज परवडतो तेथें हा हिशेब बदलतो. परंतु शिरूर कासार किंवा धारूरकडील एखाद्या डोंगरी वस्तीवर गच्चीवर चढून रेंज शोधणाऱ्या घरानें त्यावर भरंवसा ठेवूं नये. डिस्कच्या यंत्रालाही दुरुस्त्यांसाठीं नेट लागतें. मात्र खेळाचा मोठा भाग डिस्कवरून येतो, एवढा त्याचा आधार असतो.

साठवणुकीचेंही असेंच. धाकट्या यंत्रावर ५१२ जीबी अशी नोंद असते. यंत्राच्या स्वतःच्या कारभाराची जागा वजा जातां खेळांसाठीं सुमारें ३६४ जीबी उरतात. म्हणजे मोठे खेळ तीन-चारच. नवा हवा तर जुना काढून टाकावा. आणि जुना पुन्हां हवासा वाटला तर पुन्हां उतरवावा. फायबरवाल्याला याचें कांहीं वाटत नाहीं. मोजून डेटा वापरणाऱ्याला प्रत्येक वेळीं भुर्दंड. जागा वाढविण्यासाठीं १ टीबीचें जें कार्ड आरंभीं निघालें त्याची अमेरिकेंतील किंमत सुमारें २२० डॉलर होती, आणि सबंध यंत्राची २९९. खोगीर घोड्याच्या किंमतीला भिडलें तर घोडा स्वस्त होता असें कोण म्हणेल? पुढें १ टीबी जागेचें धाकटें यंत्रही कंपनीनें २०२३ सालीं काढलें, यावरूनच ही उणीव तिलाही जाणवली असली पाहिजे.

वाचलेले १५,००० रुपये खरोखर वाचतात कीं नाहीं, हें ताडून पाहावयाचें तर एक सोपा हिशेब मांडतां येईल. समजा, एका घरांत सीडी चालणारें थोरलें यंत्र आहे. नवा खेळ चारेक हजारांना घेतला, दोन महिने खेळला, आणि विकून त्याचे दीड हजार परत आले. धाकट्याच्या मालकाला हा दीड हजार कधींच परत मिळत नाहीं, कारण त्याच्याजवळ विकावयाला वस्तुच नसते. अशा दहा खेळांत पंधरा हजारांचा फरक फिटतो. वर्षाला पांच खेळ घेणाऱ्या घरांत दोन वर्षांनीं धाकटें व थोरलें यंत्र एकाच किंमतीला आलें, आणि तेथून पुढें थोरलेंच स्वस्त. उलट, वर्षाला एकच क्रिकेटचा नाहीं तर फुटबॉलचा खेळ घेऊन तोच बारा महिने खेळणाऱ्याला, आणि या भागांत असे पुष्कळ आहेत, धाकटेंच निःसंशय स्वस्त. नेटवर सणासुदीला खेळांच्या किंमती पुष्कळ उतरतात. जुन्या खेळाची वाट पाहण्याचा धीर ज्याच्यापाशीं आहे त्याचाही पक्ष धाकट्याकडेच झुकतो.

कंपनीनें या अडचणीवर वर्गणीचा तोडगा काढला आहे. २०१७ सालीं तिनें गेम पास नांवाची योजना काढली: महिन्याला ठराविक वर्गणी भरावी व शेंकडों खेळांच्या भांडारांतून हवा तो उतरवावा. धाकट्या यंत्राची स्तुति करणारे या योजनेकडेच बोट दाखवितात, आणि आरंभीं तें बोट योग्य दिशेला होतें. पण वर्गणीची गोष्ट वाण्याकडील उधारीच्या वहीसारखी. दर ठरविणारा दुसराच असतो. १ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिच्या सर्वांत वरच्या प्रकाराची अमेरिकेंतील मासिक वर्गणी २० डॉलरवरून एकदम ३० डॉलर झाली, आणि भारतांतही दर चढले. वर्गणी थांबली कीं भांडाराचें दार बंद. हातीं कांहीं उरत नाहीं. ज्या घरांत पैसा हंगामानें येतो, त्यानें दरमहा पडणाऱ्या खर्चाला विशेष भ्यावें. पगारदाराला महिना कळतो. शेतकऱ्याला सुगी कळते.

येथें आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पूर्वी अशीं यंत्रें जुनीं होत तसतशीं स्वस्त होत. प्लेस्टेशन २ हें अमेरिकेंत २००० सालीं २९९ डॉलरला निघालें आणि २००९ सालीं ९९ डॉलरवर आलें. सिरीज एसची गति उलटी झाली: २९९ डॉलरपासून निघालेलें यंत्र २०२५ च्या मे महिन्यांत सुमारें ३८० वर व ऑक्टोबरांत सुमारें ४०० वर गेलें. थांबलें तर स्वस्तांत मिळेल, हा वडीलधाऱ्यांचा नेहमींचा सल्ला या एका वस्तूपुरता खोटा ठरला.

शक्ति कमी असल्याचा प्रत्यक्ष तोटा कोठें होतो, याचें एक ठळक उदाहरण २०२३ सालीं घडलें, आणि तें दोन मुलांच्या घरानें अवश्य ध्यानांत ठेवावें. बेल्जममधील लॅरियन या मंडळीनें बाल्डर्स गेट ३ हा खेळ ऑगस्टांत संगणकासाठीं व सप्टेंबरांत प्लेस्टेशन ५ साठीं काढला. त्याची मोठी वाहवा झाली. एक्सबॉक्सवर मात्र तो डिसेंबरापर्यंत रखडला. कारण असें कीं, या खेळांत पडदा दुभंगून दोघांना शेजारीं बसून खेळतां येतें. आणि दोन चित्रें एकदम सांभाळणें धाकट्या यंत्राला पेलेना. थोरल्यावर जें असेल तें धाकट्यावरही असलेंच पाहिजे, असा कंपनीचा दंडक होता. शेवटीं तो दंडक या खेळापुरता सैल करून धाकट्यावर ही सोय गाळण्यांत आली. पुढें एप्रिल २०२५ मध्यें ती धाकट्यावरही आणली गेली. कारागिरांनीं हात टेकले नाहींत, ही त्यांची शर्थ. पण तोंवर दीड वर्ष लोटलें होतें. स्वस्त यंत्र घेणाऱ्या घरांत मुलांना पाळीपाळीनें खेळण्याऐवजीं बरोबर बसून खेळावयाचें असणें अधिक संभवनीय, आणि नेमकी तीच सोय त्यांच्या वांट्याला उशीरा आली. नवनवे खेळ जसजसे जड होत जातील तसतसे असे प्रसंग वाढतील, कमी होणार नाहींत. २०२० सालचें यंत्र आज घेणाऱ्यानें त्याचें वय मोजूनच घ्यावें. क्रिकेटचें मात्र तसें नाहीं. ऑस्ट्रेलियांतील बिग अँट स्टुडिओज या मंडळीनें २०२३ सालीं काढलेला क्रिकेट २४ हा खेळ याहूनही जुन्या यंत्रांवर चालतो.

विजेच्या बाबतींत धाकट्याचें पारडें खरोखर जड आहे, आणि याची वाच्यता दुकानांत कोणी करीत नाहीं. खेळ चालूं असतां तें साधारण ७० ते ८० वॅट वीज घेतें. थोरल्याला त्याच्या दुपटीहून अधिक लागते. रोज दोन तास खेळलें तर धाकट्याला महिन्याला पांचेक युनिट पुरतात. बिलापेक्षां महत्त्वाचें असें कीं, वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर टीव्ही, पंखा आणि हें यंत्र हीं तिन्ही सुखानें चालूं शकतात. ज्या गांवीं उन्हाळ्यांत वीज येते-जाते, तेथें ही सोय पुष्कळ ठिपक्यांपेक्षां मोलाची. वजनही दोन किलोंहून कमी; सुट्टींत मामाच्या गांवीं न्यावयाचें तर कपड्यांच्या पिशवींत मावतें.

सर्वच मसलती कापूसवाल्यांच्या घरीं होतात असें नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि नवराबायको मिळून एक कोयता, या हिशेबानें हंगामभर ती फेडावयाची. मागें आजीआजोबांजवळ किंवा वसतिगृहांत राहिलेल्या मुलानें अशी मागणी केली, तर ती उचलीच्या पैशांतून कदापि पुरवूं नये. स्वस्तही नाहीं आणि हप्त्यानेंही नाहीं. जो पैसा अजून कमवावयाचा आहे आणि जो ऊस अजून तोडावयाचा आहे, त्यावर खेळ उभा करण्याजोगें कोणतेंच यंत्र अद्याप निघालेलें नाहीं. अशा घरीं मूल मोबाईलवर खेळतें तेवढें पुरे आहे. मात्र त्याच्या मागणीला चैन म्हणून हिणवूंही नये. आईबाप सहा महिने दूर असतां संध्याकाळ एकट्यानें काढणें हें मुलाला किती जड जातें, याचा जाब त्या मागणींत दडलेला असतो. त्याला उत्तर पाहिजेच. दुकानांत तें मिळत नाहीं, एवढेंच.

मोबाईलवरून निघालेली एक शंका वडील मंडळींस नेहमीं सतावते, ती अशी कीं या यंत्रामुळें मुलें जुगाराला लागतील. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ सालीं केंद्र सरकारनें कायद्यानें बंदी केली. कन्सोलवरचा क्रिकेट किंवा मोटारींचा खेळ त्या वर्गांत मोडत नाहीं. तथापि खेळाच्या पोटांतही खरेदीचीं दुकानें असतात. फुटबॉलच्या प्रसिद्ध खेळांत खेळाडूंचीं पाकिटें विकत मिळतात आणि आंत कोण निघेल हें आधीं कळत नाहीं. म्हणून यंत्राला वडिलांचें बँकेचें कार्ड कायमचें जोडून ठेवूं नये. पालकांसाठीं पिन क्रमांक घालण्याची सोय यंत्रांतच आहे. ती पहिल्याच दिवशीं चालूं करावी आणि पिन मुलाच्या जन्मतारखेचा ठेवूं नये.

तर मग घ्यावें कीं न घ्यावें? शहरांत घर आहे, फायबरचें नेट आहे, टीव्ही ३२ ते ४० इंचांचा आहे, वर्षाला एक-दोनच खेळ घ्यावयाचे आहेत आणि पैसे रोख हातांत आहेत, अशा घरानें धाकटें यंत्र निःशंक घ्यावें. शक्ति कमी म्हणून हळहळण्याचें कारण नाहीं. ती त्या घरांत दिसलीच नसती. वाडीवस्तीवरच्या, मोजक्या डेटाच्या घरानें तें घेऊं नये. तेथें धाकटें यंत्र दुबळें म्हणून नव्हे, तर डिस्कला पारखें म्हणून निरुपयोगी आहे. त्या घराला डिस्क चालणारें, आधल्या पिढीचें, वापरलेलें यंत्र अधिक उपयोगी. प्लेस्टेशन ४ भारतांत २०१४ च्या जानेवारींत आलें, आणि त्याच्या जुन्या सीड्या छत्रपति संभाजीनगर किंवा पुण्याच्या बाजारांत अजून हातोहात फिरतात. नवे खेळ त्यावर आतां कमीच निघतात. पण ज्यानें जुनेही खेळलेले नाहींत त्याला ते नवेच. ज्या घरांत मोठा फोर-के टीव्ही आधींच आहे आणि दोघां-तिघां भावंडांना दर दोन महिन्यांनीं नवा खेळ हवा असतो, त्यांनीं मात्र अधिक पैसे साठवून थोरलेंच आणावें. ही तिसरी जात या जिल्ह्यांत विरळा असावी.

सप्टेंबर २०२५ मध्यें बीडपर्यंत रेल्वे आली, तेव्हां अहिल्यानगरच्या दुकानांत जाऊन वस्तु पारखणें आतां पूर्वीइतकें अवघड राहिलेलें नाहीं. वापरलेलें यंत्र घेणाऱ्यानें तें दुकानांतच टीव्हीला जोडावयास लावावें, पंखा घरघरतो कीं काय तें कान देऊन ऐकावें, डिस्क आंत-बाहेर दोन वेळां करून पाहावी, दोन्ही रिमोटांच्या कळा एकेक दाबून पाहाव्या. नवें घेणाऱ्यानें पक्की पावती मागावी, हमीची मुदत त्यावर लिहून घ्यावी आणि जवळचें दुरुस्ती केंद्र कोणत्या गांवीं आहे तें पैसे मोजण्यापूर्वी विचारावें. आणि किंमत मात्र त्या दिवशींची विचारावी, गेल्या दिवाळीची नव्हे.